एकट्याचा गनिमी कावा

कलघटगीचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप देत नाही. हुबळीहून कारवारकडे निघालेला रस्ता आमचे गाव ओलांडून यल्लापूरच्या रानाकडे वळतो, आणि त्या रानातील ओलावा आमच्या कौलांवर मुक्कामाला येतो. अशाच एका पावसाळ्यात माझा बारा वर्षांचा भाचा पायाला प्लास्टर घालून सहा आठवडे आमच्या घरी पडून होता. शाळेत कन्नड, मित्रांत कन्नड, पुस्तके बहुधा इंग्रजी. मराठी तो घरात अस्खलित बोलतो, पण वाचताना जोडाक्षर आले की त्याची गाडी थबकते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या कितीतरी घरांत हेच चित्र असेल.

दोन दिवस त्याने मोबाईलवर काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, मला एकट्याला खेळता येईल असा खेळ पाहिजे. पण मारामारीचा नको. कुणाला पत्ता लागू न देता आत शिरायचं आणि तसंच निसटायचं."

मी प्रथम हसलो. लपंडावालासुद्धा राज्य घेणारा एक गडी लागतो. देवळाच्या फरशीवर कोरलेल्या वाघ-बकरीच्या पटालाही दोघे हवेत. एकट्याने लपायचे तरी कुणापासून? पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून शोध घेऊ लागलो, आणि या वयात एका अपरिचित वाङ्मयप्रकाराची ओळख झाली.

१९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. त्यात खेळणारे एकेक सोंग घेतात, कुणी योद्धा, कुणी चोर. एक सूत्रधार त्यांना प्रसंग सांगतो, ते आपण काय करू ते सांगतात आणि निकाल फासे देतात. सोंग आणि सूत्रधार हे दोन्ही आपल्याला नवे नाहीत. परंतु सूत्रधारच नसेल तर? १९७५ मध्ये केन सेंट आंद्रे यांनी 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा असाच दुसरा खेळ काढला आणि त्यासाठी १९७६ मध्ये रिक लूमिस यांनी 'बफेलो कॅसल' ही एकट्याने खेळायची मोहीम लिहिली. युक्ती साधी आहे. पुस्तकातील परिच्छेदांना क्रमांक द्यायचे आणि ते मुद्दाम विस्कटून छापायचे. डावीकडचे दार उघडायचे असेल तर अमुक क्रमांकावर जा, कान लावून ऐकायचे असेल तर तमुक क्रमांकावर. पुस्तकच सूत्रधार होते. इंग्लंडमध्ये १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांनी 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे याच रीतीचे, ४०० परिच्छेदांचे पुस्तक लिहिले, तेव्हापासून हा प्रकार घरोघरी पोचला.

भाच्याची अट मात्र यांतील बहुतेकांना पेलत नाही. लपणे हे तेथे एका फाशाचे काम असते. दान पडले तर निसटलात, नाही पडले तर काढा तलवार. 'अ‍ॅव्हेंजर' (१९८५) या पुस्तकाचा नायक जपानी धर्तीचा निंजा आहे म्हणून मोठ्या आशेने पाहिले, तर त्यातही ठोसे, लाथा आणि फेकाफेकीचाच पसारा अधिक. त्यामानाने जो डीव्हर यांची १९८४ पासून निघालेली 'लोन वुल्फ' माला बरी. नायकाचा मठ शत्रूने उद्ध्वस्त केला आहे आणि वाचलेल्या एकट्याने शत्रूने भरलेल्या मुलुखातून राजधानी गाठायची आहे. दहा विद्यांपैकी पाच निवडायच्या, त्यांतली एक वेश आणि रंग बदलून परिसरात मिसळून जाण्याची. डीव्हर आज हयात नाहीत, पण आपली पुस्तके वाचकांना संगणकावर विनामूल्य मिळावीत अशी परवानगी ते देऊन गेले आहेत.

खरी किल्ली मला जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७) या खेळात सापडली. तो अनेकांनी मिळून खेळायचा चोरांचा खेळ आहे, पण त्यातली एक कल्पना एकट्यालाही उपयोगी पडते. पहारेकरी एकदम जागा होत नाही. एक वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग पाडतात. प्रत्येक चुकीला भाग भरत जातो आणि वर्तुळ पुरे झाले की बोंब उठते. मुख्याध्यापकाच्या खोलीबाहेरून जाणाऱ्या मुलांना हे शास्त्र उपजतच ठाऊक असते. पहिल्या खुसखुशीला मी मान वर करीत नाही, तिसऱ्याला चष्मा काढतो.

पण हे सारे इंग्रजीत. मराठीत असे काही माझ्या हाती लागले नाही. तेव्हा शाळेची एक शंभरपानी वही घेतली आणि ठरवले की आपणच लिहायचे. विषयाला तोटा नव्हता. १६६३ च्या एप्रिलमधील लाल महालावरचा छापा होता, साठ गड्यांनिशी कोंडाजी फर्जंदाने १६७३ साली घेतलेला पन्हाळा होता. मी आग्रा निवडले, १७ ऑगस्ट १६६६.

आणि तिथेच लेखणी अडली. हरण्याची शक्यता नसेल तर तो खेळ नव्हे. पण 'महाराज पकडले गेले' हा परिच्छेद माझ्या हातून लिहवेना. इतिहासही तो लिहू देत नाही. दोन रात्री वही तशीच पडली होती. मग सुचले की खेळणाऱ्याने महाराज व्हायचेच नाही. त्याने व्हायचे मिठाईच्या पेटाऱ्याला खांदा देणारा एक बिननावाचा भोई. पेटाऱ्यात काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही. (पेटाऱ्यांची हकीकत अक्षरशः खरी, की वेषांतर करूनच सुटका झाली, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझ्या भोयाला ते न कळण्याची सोय मला म्हणूनच आवडली.)

नियम घरातल्याच वस्तूंचे केले. वाटीत चिंचोके टाकायचे, ते फुलादखानाच्या पहाऱ्याचा संशय. सहा झाले की झाकण उघडले जाते. दुसऱ्या वाटीत दहा खडे, त्या घटका. थांबून राहिले तर एक चिंचोका कमी होतो, पण एक खडाही जातो. दोन फासे टाकून पहारेकरी काय करतो ते पाहायचे. बेरीज सात आली तर तो दुर्लक्ष करतो, कारण छत्तीस प्रकारांत सात सहा वेळा येते, आणि दोन आली तर तो थेट तुमच्याकडे येतो, ते छत्तीसात एकदाच. बाकीच्या बेरजांना लहानमोठी विघ्ने. गणिताचा तास असा फुकटात झाला. एकूण बेचाळीस परिच्छेद झाले.

पहिल्या डावात तो तिसऱ्या चौकीवर पकडला गेला. दुसऱ्यात घटका संपल्या. बोट मागच्या पानात घालून ठेवून तो हळूच परत जाई, हे मी पाहत होतो. बोललो नाही. एकट्याच्या खेळात लबाडी करायची ती कुणाशी? शेवटी त्यानेच बोट काढले. मला समाधान याचे होते की 'दृष्टिक्षेप' आणि 'संशयग्रस्त' हे शब्द तो आता न थबकता ओलांडत होता. अडखळला की भोई पकडला जाईल अशी त्याला धास्तीच बसली होती.

पाचव्या डावात तो नगराबाहेर पोचला. मी शाबासकी देणार तोच त्याने विचारले, "मामा, राजे सुटले. पण मागं राहिलेल्यांचं काय झालं?"

रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर हे महाराजांचे दोघे वकील आग्र्यात पकडले गेले, त्यांचे अतोनात हाल झाले आणि पुढे १६६७ मध्ये त्यांची सुटका झाली, हे मी सांगितले. जामीन राहिलेल्या रामसिंगावर बादशहाची इतराजी झाली, तेही सांगितले. वर्षानुवर्षे हा धडा शिकवीत आलो, पण वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारल्याचे आठवत नाही. आम्ही बहुधा पेटाऱ्यापाशीच टाळ्या घेऊन पुढचा धडा काढत आलो.

तो बराच वेळ चिंचोके हातात खुळखुळवीत बसला. प्लास्टर निघाल्यावर घरी गेला, आणि वही मी चाळली तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीने त्रेचाळिसावा परिच्छेद होता. अक्षर कन्नड वळणाचे, 'पहाऱ्या'तला अर्धा 'र' चुकलेला. भोई नगराबाहेर न थांबता परत फिरला आहे, पंतांना इशारा द्यायला. घटका उरल्या आहेत दोन. पुढे कुठल्या क्रमांकावर जायचे, ती जागा त्याने माझ्यासाठी कोरी ठेवली आहे.