वाखाचा अंगरखा

जपानच्या उत्तरेला त्सुगारू नावाचा मुलूख आहे. हिवाळ्यात तिथे बर्फाचे ढीग साचतात. अशा थंडीत कापूस कुठला पिकायला? तो दुरून यायचा, म्हणून महाग पडायचा. त्यात १७२४ साली तिथल्या सरदाराच्या दरबारातून हुकूम सुटला. शेतकऱ्याने सुती कपडा घालायचा नाही, वाखाचाच घालायचा.

हा वाख कसला? आपण अंबाडी कुजवून साल सोलतो ना, तसाच तो झाडाच्या सालीतून निघतो. झाड मात्र भांगेचे. नाव ऐकून हसू नका. शेतकऱ्याला त्यातून नशा नको होती, धागा हवा होता. बाया सालीचे बारीक धागे काढायच्या, टोकाला टोक जोडायच्या आणि मागावर कापड विणायच्या. त्याचा किमोनो शिवत. किमोनो म्हणजे पुढून उघडा असलेला, डावी बाजू उजवीवर घेऊन कमरेला पट्ट्याने बांधायचा अंगरखा. शेतात घालायचा तो आखूड, बंडीसारखा. त्याला तिथे 'कोगिन' म्हणत.

वाखाचे कापड उन्हाळ्यात फार सुखाचे. अंगाला चिकटत नाही, आतून वारा खेळतो. पण तोच वारा थंडीत हाडे गोठवतो. मग काय करावे?

बायांनी सुई हातात घेतली. कापड निळीत गडद रंगवायचे. मग त्याचे उभे धागे मोजत पांढरा दोरा ओवत जायचे. एक, तीन, पाच, असे विषमच धागे धरायचे. टाक्यांनी विणीतली भोके बुजली, कापड जाड झाले, ऊब आली. आधी दोराही वाखाचाच असे. पुढे सुती दोरा मिळू लागला, तेव्हा बायांनी तोच घेतला, कारण तो मऊ. खांद्यावर ओझे यायचे, म्हणून तिथले टाके दाट.

नुसती भोके बुजवायची तर कसेही टाके चालले असते. पण बायांनी त्यातून नक्षी काढली, हे आम्हांला विशेष वाटते. नक्षीची नावेही घरातलीच बरे का! शेंगेतला दाणा, मांजराचा डोळा, माशाचे खवले, घोड्याचा लगाम. पांढरा दोरा मळला की सगळा कपडा पुन्हा निळीत बुडवायचा. असे दुबार रंगवलेले कपडे म्हातारी माणसे घालीत.

जपानात वाखाच्या झाडाच्या पानाचीही एक नक्षी आहे. दिसायला ती सहा टोकांच्या चांदणीसारखी. तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर ती काढतात. हे झाड तीनचार महिन्यांत माणसाहून उंच होते आणि सरळ वाढते. मूलही तसेच वाढावे, ही आईची इच्छा.

१८९१ साली तोकियोहून आओमोरीपर्यंत रेल्वे पोचली. स्वस्त सुती कापड आले आणि कोगिन मागे पडले. १९४८ च्या कायद्यापासून भांगेचे झाड लावायला परवाना लागतो. आता हिरोसाकी गावात हेच टाके पिशव्यांवर नि बटव्यांवर घालतात. घेणाऱ्याला थंडीशी काही देणेघेणे नसते. धागे मात्र अजून एक, तीन, पाच असेच मोजतात.