पोलादी चकती आणि केसभर फरक

मुलांनो, पंधरा ऑगस्टच्या संचलनात वळणावर रांग कशी फिरते, आठवतं का? आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा मुलगा लांब लांब टांगा टाकत सुटतो. तरच रांग सरळ राहते. मोटारीच्या मागच्या दोन चाकांचंही असंच असतं. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना आपापल्या वेगानं फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. जीप किंवा ट्रकच्या मागून वाकून पाहा, दोन चाकांच्या मधोमध कलिंगडासारखा फुगीर गोळा दिसेल. त्याच्या पोटात ती असते.

पण इंजिन पुढे आणि हा गोळा मागे. मग ताकद तिथवर पोचते कशी? एका लांब पोलादी नळीतून. तिला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. सुरुवातीच्या काळात कितीतरी मोटारींना सायकलसारखी साखळी असायची! अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसर यांना ही साखळी काही पसंत नव्हती. त्यांनी शाफ्टच्या टोकांना बसेल असा, सगळीकडे वाकणारा सांधा तयार केला आणि १९०४ साली असे सांधे बनवून विकायला सुरुवात केली. त्यामुळे खड्ड्यात चाकं खालीवर झाली तरी शाफ्ट फिरतच राहतो. आपल्याकडचे मेकॅनिक या सांध्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात.

आता खरी गोष्ट सांगते. माझ्या मामाकडे शेतावर वापरायची एक जुनी जीप आहे. तिच्या डिफरन्शियलचे दाते झिजले आणि ती गाय हंबरावी तशी आवाज करू लागली. तसाच जुना भाग मिळेना, म्हणून मामानं दुसऱ्या गाडीचा मागचा अख्खा आस डिफरन्शियलसकट आणला. तो खाली बसला, पण शाफ्ट काही जोडता येईना. शाफ्टच्या टोकाला होती ४ भोकं आणि नव्या डिफरन्शियलच्या तोंडाला ६, तीही मोठ्या वर्तुळावर. शर्टाला बटणं एकीकडे आणि काजी दुसरीकडे, तसं झालं.

मग एका ठिकाणी घाईघाईत मधे बसवायची पट्टी करून घेतली. भोकं नजरेच्या अंदाजानं पाडली होती. जीप चालायला लागली, आणि थरथरायलाही लागली. 'जुनी गाडी आहे, थरथरणारच' असं म्हणून आम्ही गप्प बसलो. आठव्या दिवशी बांधावरून येताना खाडकन आवाज झाला. बोल्ट सैल होऊन गळून पडले होते आणि शाफ्टचं मागचं टोक जमिनीवर घासत चाललं होतं. आम्ही पाच जण जीपमध्ये होतो, त्यांत दोन लहान मुलं. वेग अगदी कमी होता म्हणून कुणाला काही झालं नाही.

शाफ्ट एवढा का थरथरला, त्याचं गणित करू या. जीपच्या चाकाचा घेर साधारण २ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ५०० फेरे. डिफरन्शियलमधल्या लहान चाकाला १० दाते आणि मोठ्याला ४१ असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला ४.१ फेरे घ्यावे लागतात. म्हणजे मिनिटाला सुमारे २०५०, सेकंदाला ३४! आता शाफ्टचं ५ किलो वजन मध्यापासून फक्त १ मिलिमीटर सरकलेलं असलं, तर या वेगाला ते सुमारे २३ किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, आणि तेही दर फेऱ्याला दिशा बदलत. वेग निम्मा केला तर हा जोर पाव होतो, म्हणजे जेमतेम ६ किलो. आमचा जीव कशानं वाचला, कळलं ना?

मग मामा तालुक्याच्या गावी एका जुन्याजाणत्या टर्नरकाकांकडे गेला. सुट्टी होती, मीही सोबत गेले. काकांनी आधी हत्यार उचललं नाही, कागद-पेन्सिल घेतली. व्हर्नियरनं दोन्ही तोंडं मोजली आणि चित्र काढलं. २० मिलिमीटर जाडीची पोलादी चकती. तिच्यावर दोन वर्तुळं. आतल्या वर्तुळावर ४ भोकं, आटे पाडलेली, शाफ्टचे बोल्ट त्यांतच आवळायचे. बाहेरच्या वर्तुळावर ६ आरपार भोकं, डिफरन्शियलसाठी.

सहा भोकं सारख्या अंतरावर कशी आखली असतील? तुम्ही वहीत कंपासनं सहा पाकळ्यांचं फूल काढता ना, अगदी तस्संच! बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या ६५ मिलिमीटर. कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर पावलं टाकत गेलं, की बरोबर सहा पावलांत आपण पहिल्या खुणेवर परत येतो. 'भूमितीचा उपयोग काय, बाई?' असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं बरं का!

पण चकतीतली मुख्य गोष्ट भोकं नव्हेत. काकांनी चकतीच्या एका अंगाला मधोमध गोल उंचवटा ठेवला आणि दुसऱ्या अंगाला गोल खळगा कोरला. उंचवटा डिफरन्शियलच्या खळग्यात घट्ट बसतो आणि शाफ्टचा उंचवटा चकतीच्या खळग्यात. डब्याचं झाकण जसं आपोआप मधोमध बसतं, तसं.

लेथवर काकांच्या हाताखाली आयटीआयचा एक मुलगा काम करत होता. एक बाजू झाल्यावर त्यानं चकती उलटून पकडली आणि मध्य न तपासताच दुसरी बाजू कापली. चकती आरशासारखी चकचकीत दिसत होती. मामानं पैसे काढायला खिशात हातही घातला. काकांनी मात्र डायल गेज लावून चकती हातानं हळूच फिरवली. काटा हलला. दोन बाजूंचे मध्य एकमेकांपासून ०.३ मिलिमीटर सरकले होते. म्हणजे चार-पाच केस एकाशेजारी एक ठेवावेत, एवढंच!

मुलगा ओशाळून म्हणाला, "काका, बोल्ट गच्च आवळले की बसेल की जागेवर."

काका म्हणाले, "बोल्ट आवळून धरतात रे. मध्य तो उंचवटा धरतो. तोच चुकला तर बोल्ट बिचारे किती दिवस झुंजणार?"

ते रागावले नाहीत. चकती बाजूला ठेवली आणि पोलादाचा नवा तुकडा त्याच मुलाच्या हातात दिला. अर्धा दिवस फुकट गेला. या खेपेला पोरानं चकती उलटल्यावर आधी डायल गेज लावलं. काटा जवळजवळ स्थिर होता.

अजून दोन गोष्टी उरल्या होत्या. चकतीमुळे शाफ्टची जागा २० मिलिमीटरनं कमी झाली. शाफ्टला एक सरकता जोड असतो, तो तेवढा आत जाऊन खड्ड्यांसाठी जागा उरते का, हे काकांनी चाकं वरखाली करून पाहिलं. उरत होती. नाहीतर शाफ्टच कापावा लागला असता. आणि बोल्ट घेतले ते माथ्यावर १०.९ असा आकडा कोरलेले. हा आकडा बोल्टची ताकद सांगतो. तुमच्या सायकलच्या बोल्टवर कुठला आकडा दिसतो का, बघा बरं!

जीप आता थरथरत नाही. मात्र ती शेतातच फिरते. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये तसं बंधन आहे.

करून पाहा : पुठ्ठ्याच्या ६ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापा. एकीच्या बरोबर मध्यातून आगकाडी घाला, दुसरीच्या मध्यापासून ३ मिलिमीटर बाजूला. दोन्ही भिंगऱ्या फिरवा. कुठली जास्त वेळ फिरते?

आणि पालकांनो, मुलांना एकदा लेथ चालताना जरूर दाखवा. सैल बाह्या आणि ओढण्या आवरून, दोन हात लांब उभं राहून! ती ०.३ मिलिमीटरवाली चकती मी काकांकडून मागून आणली आहे. ती माझ्या वर्गातल्या टेबलावर असते. चूक कुठे आहे, हे आजवर एकाही मुलाला नुसत्या डोळ्यांनी ओळखता आलेलं नाही. मलाही नाही.