सोळाच्या पलीकडचा ग्रुप

या आठवड्यात रूट स्क्वॉशवर लिहायचं कबूल केलं होतं. ते लांबणीवर टाकतोय, कारण गेल्या भागावर एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यात नेमका माझ्या आवडीचा विषय निघालाय.

ते लिहितात, ‘तुम्ही सांगितलंत तसं लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केलं. आयडी कमांडला नवा ग्रुप दिसतो. फोल्डरवर त्या ग्रुपला लिहायची परवानगी आहे. सर्व्हरवर एसएसएचने शिरलो तर फाइल बनते, पण माझ्या मशीनवरून एनएफएसमार्गे गेलो की परमिशन डिनाइड. शेजारी बसणारी नवी मुलगी त्याच ग्रुपमध्ये आहे, तिचं मात्र बिनबोभाट चालतं!’

सोबत आयडीचं आउटपुट जोडलं होतं. बाकी काही बघण्याआधी मी त्यातले ग्रुप मोजले. 23 निघाले. घोडं तिथेच पेंड खात होतं.

एनएफएस ही सनची 1980च्या दशकातली निर्मिती. तिच्या नेहमीच्या, म्हणजे ऑथ-सिस पद्धतीत क्लायंट प्रत्येक विनंतीसोबत तुमचा यूजर क्रमांक, प्राथमिक ग्रुप आणि इतर ग्रुपांची यादी पाठवतो. त्या यादीत जागा फक्त 16. बरं, ती जागेच्या टंचाईमुळे म्हणावी तर तसंही नाही. या ओळखपत्राला 400 बाइटांची मर्यादा आहे. मशीनचं नाव कमाल लांबीचं धरलं तरी 16 ग्रुपांसह 340 बाइटच भरतात. उरलेल्या 60 बाइटांत आणखी 15 ग्रुप सहज मावले असते. पण आकडा ठरला तो ठरला. 2009च्या आरएफसी 5531मध्येही तो तसाच आहे. दरम्यान लिनक्सने एका यूजरला 65,536 ग्रुपांची मुभा देऊन टाकली आहे!

मग सतरावा ग्रुप जातो कुठे? कुठेच नाही. लिनक्सचा क्लायंट पहिले 16 पाठवतो आणि बाकीचे निमूट गाळतो. ना एरर, ना लॉगमध्ये ओळ. त्यातही कर्नल ही यादी क्रमांकानुसार लावून ठेवतो, त्यामुळे लहान क्रमांकाचे ग्रुप तरतात आणि कालपरवा काढलेला मोठ्या क्रमांकाचा ग्रुप बुडतो. म्हणूनच जुनी फोल्डरं उघडतात आणि नेमकं नवं प्रोजेक्ट अडतं. शेजारच्या मुलीचे ग्रुप अजून मोजकेच असणार.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. न्यूग्रुप कमांडने तो अडलेला ग्रुप प्राथमिक करा आणि त्याच शेलमधून फाइल बनवून पाहा. प्राथमिक ग्रुप यादीबाहेर, स्वतंत्र जातो. त्यामुळे फाइल बनली तर रोग सापडला म्हणून समजा. डोळ्यांनी बघायचं असेल तर टीसीपीडम्पने पॅकेट पकडून वायरशार्कमध्ये उघडा. ‘ऑक्झिलरी जीआयडी’ या ओळीत बरोबर 16 आकडे दिसतील आणि तुमचा ग्रुप त्यांत नसेल. पत्रलेखकांनी फोल्डरवर एसीएल लावून पाहिलं, पण ग्रुपच्या नावाने. तपासणी शेवटी त्याच कापलेल्या यादीवरून होते, मग उपयोग काय व्हायचा?

खरा उपाय सर्व्हरवर आहे. तिथल्या माउंटडीला ‘मॅनेज-जीआयडीज’ हा पर्याय द्या. मग सर्व्हर क्लायंटची यादी बाजूला ठेवतो आणि त्या यूजरचे ग्रुप स्वतः शोधतो. (केर्बेरोस असेल तर हा प्रश्नच येत नाही, पण निव्वळ यासाठी केर्बेरोस उभं करायला मी कुणालाही सांगणार नाही.) मात्र त्याआधी सर्व्हरवर आयडी कमांड चालवून त्याला तुमचे यूजर ओळखता येतात का ते तपासा. एलडॅप फक्त क्लायंटवर जोडून सर्व्हर कोरा ठेवलेली ऑफिसं पुष्कळ आहेत. तिथे हा पर्याय दिलात तर होते ते 16 ग्रुपही जातील.

आणखी एक. सर्व्हर ही माहिती साधारण 30 मिनिटं कॅशमध्ये धरून ठेवतो. तेव्हा यूजरला ग्रुपमध्ये घातल्यावर लगेच फरक दिसला नाही तर सगळं उचकटत बसू नका. सर्व्हरवर ‘एक्सपोर्टएफएस -एफ’ चालवा, कॅश रिकामी होते.