दोन ध्वनिमुद्रणे, एकच वादक

कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी योहान सेबास्टियन बाखची एकच रचना कोलंबिया कंपनीसाठी दोनदा ध्वनिमुद्रित केली. पहिल्यांदा जून १९५५ मध्ये, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. दुसऱ्यांदा १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, वयाच्या ४८ व्या वर्षी. दोन्ही वेळा स्टुडिओ तोच होता: न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीटवरचा, एका जुन्या चर्चमध्ये उभारलेला. वाजवायची स्वरलिपीही तीच, 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'ची. तरीही पहिले वादन सुमारे साडेअडतीस मिनिटांत संपते आणि दुसऱ्याला ५१ मिनिटे लागतात.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रसिकांमध्ये या दोन ध्वनिमुद्रणांची तुलना अनेक वर्षे चालू आहे. तिचा ठरावीक निष्कर्ष असा, की पहिले तरुणाचे, उसळते आणि वेगवान. दुसरे प्रौढाचे, संथ आणि अंतर्मुख. हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण पुरता खरा नाही. तो कुठे चुकतो हे पाहू गेल्यास तुलनेने ऐकणे म्हणजे काय, याचाही उलगडा होतो.

ख्यालगायन ऐकणाऱ्याला तुलना नवी नाही. एकच राग दोन गायक कसा मांडतात, हा आपल्याकडे मैफलीनंतरच्या गप्पांचा नेहमीचा विषय. तिथे बंदिश चार ओळींची असते आणि बाकीची इमारत गायक उभारतो. त्यामुळे दोन गायनांत फरक असणार, हे गृहीतच असते. पाश्चात्त्य परंपरेत मात्र जवळजवळ प्रत्येक स्वर रचनाकाराने लिहून ठेवलेला असतो. मग तुलना कशाची करायची, असा प्रश्न नवख्या श्रोत्याला पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर स्वरलिपीतच आहे. तिच्यात जे लिहिलेले नाही, त्यात. १७४१ च्या सुमारास छापलेल्या या रचनेत कोणता स्वर कधी वाजवायचा हे नेमके सांगितले आहे. परंतु वेग किती असावा, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेले नाही. स्वर तोडून वाजवावेत की जोडून, कोणता आवाज पुढे आणावा आणि कोणता मागे ठेवावा, हेही नाही. त्यातून ही रचना दोन कळपट्ट्यांच्या हार्प्सिकॉर्डसाठी लिहिलेली. त्या वाद्यात तार आघाताने नव्हे, तर छेडली जाऊन वाजते. बोटाच्या दाबाने आवाज लहानमोठा करण्याची सोय त्यात जवळजवळ नाही. ती पियानोवर वाजवणाऱ्याला पावलोपावली स्वतः निर्णय घ्यावे लागतात. तुलना होते ती या निर्णयांची.

रचनेचा आराखडा साधा आहे. आरंभी ३२ मात्राखंडांची एक संथ 'आरिया'. मग तिच्या मंद्र स्वरांच्या पायावर उभी केलेली ३० व्हेरिएशन्स, म्हणजे रूपांतरे. शेवटी पुन्हा तीच आरिया. रूपांतरे मूळ चालीची नसून तिच्या पायाची आहेत, हे ध्यानात ठेवले की ऐकणे सोपे होते. २७ व्यापर्यंत प्रत्येक तिसरे व्हेरिएशन 'कॅनन' आहे: एका आवाजाने धरलेली चाल दुसरा आवाज थोड्या अंतराने उचलतो आणि दोन्ही बरोबरीने चालू राहतात. आरिया आणि व्हेरिएशन्स यांचे दोन भाग असून प्रत्येक भाग पुन्हा वाजवावा, अशी खूण बाखने केली आहे.

या पुनरावृत्तीच्या खुणांपाशीच घड्याळ श्रोत्याला फसवते. गूल्ड यांनी १९५५ मध्ये एकही पुनरावृत्ती घेतली नाही. १९८१ मध्ये कॅनन आणि तशाच काटेकोर बांधणीच्या काही व्हेरिएशन्सचा पहिला भाग त्यांनी दोनदा वाजवला. म्हणजे वाढलेल्या मिनिटांपैकी काही संथपणाची नाहीत, पुन्हा वाजवण्याची आहेत. आंद्राश शिफ यांच्यासारखे पियानोवादक सर्व पुनरावृत्ती घेतात, तेव्हा हीच रचना ७० मिनिटांच्या पुढे जाते. म्हणून ते गूल्ड यांच्यापेक्षा संथ वाजवतात, असे ठरत नाही.

एकेक व्हेरिएशन वेगळे काढून ऐकले की चित्र अधिकच बदलते. सुरुवातीची आरिया १९५५ मध्ये दोन मिनिटांच्या आत संपते, तर १९८१ मध्ये तिला तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. पुनरावृत्ती दोन्हीकडे नाही. येथे लय खरोखरच उतरली आहे. पाचवे व्हेरिएशन मात्र दोन्हीकडे सारख्याच झपाट्याने पाऊण मिनिटाच्या आत उडून जाते. वयाने बोटांचा वेग ओसरला, ही समजूत तिथेच गळून पडते.

सर्वांत बोलका पुरावा २५ व्या व्हेरिएशनचा. वांदा लांदोव्स्का या विख्यात हार्प्सिकॉर्डवादिकेने या करुण, वळणावळणाच्या व्हेरिएशनला 'काळा मोती' म्हटले होते. गूल्ड यांना ते वाजवायला १९५५ मध्ये सुमारे साडेसहा मिनिटे लागली आणि १९८१ मध्ये सहाच्या आसपास. म्हणजे रचनेच्या भावनिक शिखरावर तरुण गूल्ड प्रौढ गूल्ड यांच्यापेक्षा संथ होते. १९७० च्या दशकात बाखच्या स्वतःच्या वापरातली छापील प्रत फ्रान्समधील स्त्रासबूर येथे सापडली. तिच्यात या व्हेरिएशनवर 'अडाजिओ', म्हणजे संथ, अशी सूचना हाताने लिहिलेली आहे. ती प्रत उजेडात येण्यापूर्वीच्या वादनात गूल्ड अधिक संथ आहेत, हे विशेष.

मग खरा फरक कशात आहे? १९८२ मध्ये समीक्षक टिम पेज यांच्याशी बोलताना गूल्ड यांनी त्याचा खुलासा केला. जुने ध्वनिमुद्रण ऐकताना ते वाजवणाऱ्या माणसाशी आपले नाते जुळत नाही, अशा आशयाचे ते बोलले. व्हेरिएशन्स एकमेकांशी नाते न सांगता आपापल्या वाटेने जातात, आणि पंचविसावे तर आपली व्यथा उघड मिरवते, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या वेळी त्यांना सबंध रचनेखालून एकच नाडी चालती ठेवायची होती. ही नाडी श्रोत्यालाही सापडू शकते. एक व्हेरिएशन संपत आले की बोटाने ठेका धरावा आणि तो न सोडता पुढच्यात जावे. अनेकदा नवा वेग त्याच ठेक्याच्या दुगुणीत किंवा अशाच एखाद्या साध्या पटीत बसतो. १९५५ च्या तबकडीवर हा प्रयोग केला तर ठेका वारंवार हातातून निसटतो. मात्र त्या निसटण्यातच पहिल्या वादनाची मौज आहे. प्रत्येक दार उघडताना पलीकडे काय असेल, हे तिथे सांगता येत नाही.

तुलनेत आणखी एक चकवा आहे आणि तो चरित्राचा. नवी तबकडी सप्टेंबर १९८२ मध्ये बाजारात आली. २५ सप्टेंबरला गूल्ड यांना ५० वर्षे पूर्ण झाली, २७ तारखेला त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. तेव्हापासून दुसऱ्या वादनातली अखेरची आरिया निरोपाची म्हणून ऐकली जाते. परंतु ती वाजवणाऱ्याने निरोप घेतलेला नव्हता. १९८२ च्या उन्हाळ्यात गूल्ड एका लहान वाद्यवृंदाचे संचालन करून वाग्नरच्या 'सीगफ्रीड आयडिल'चे ध्वनिमुद्रण करत होते. निरोपाचा सूर श्रोत्याने मागाहून मिसळला. तो मिसळू नये, असे नव्हे; पण तो आपला आहे, वादकाचा नव्हे, याचे भान असावे.

यंत्राचाही वाटा विसरून चालत नाही. पहिल्या वेळी पियानो स्टाइनवे होता आणि मुद्रण मोनो. दुसऱ्या वेळी यामाहाचा पियानो आणि तेव्हा नवे असलेले डिजिटल तंत्र. त्याच वेळी जुन्या पद्धतीच्या टेपवरही मुद्रण केले गेले होते आणि २००२ मध्ये त्या टेपवरून दुसरे वादन नव्याने प्रसिद्ध झाले. स्वर कोरडा किंवा टणक वाटला तर दोष वादकाला देण्याआधी कोणती आवृत्ती ऐकतो आहोत, हे पाहिलेले बरे.

तुलनेची सुरुवात करू इच्छिणाऱ्याने संपूर्ण तबकड्या एकापाठोपाठ ऐकू नयेत. कान थकतो आणि निवाडा घाईने होतो. आरिया, पाचवे आणि पंचविसावे एवढीच निवडावीत. ती गूल्ड यांच्या दोन्ही वादनांत ऐकावीत, मग लांदोव्स्का यांच्या १९३३ च्या हार्प्सिकॉर्डवर आणि शेवटी शिफ किंवा मरे पेराया यांच्या पियानोवर. बाखने काही व्हेरिएशन्समध्ये एका हातावरून दुसरा हात का नेला, हे दोन कळपट्ट्यांच्या वाद्याचा विचार करताच उमगते आणि एकाच पट्टीवर ते साधणाऱ्या पियानोवादकाचे कष्टही कळतात.

गूल्ड यांनी १९६४ मध्ये जाहीर मैफली कायमच्या सोडल्या. अनेक वेळा वाजवून, त्यातले उत्तम निवडून, जोडून सिद्ध केलेले ध्वनिमुद्रण हेच संगीताचे खरे रूप, अशी त्यांची धारणा होती. तरीही आपले सर्वांत गाजलेले ध्वनिमुद्रण त्यांना अखेरचा शब्द वाटले नाही आणि २६ वर्षांनी ते त्याच स्टुडिओत परतले. टोरांटोच्या माउंट प्लेझंट स्मशानभूमीत त्यांच्या समाधीच्या दगडावर आरियाचे सुरुवातीचे स्वर कोरलेले आहेत. ते कोणत्या लयीत वाजवायचे, हे त्या दगडावरूनही कळत नाही.