हवामानाचे तीस नकाशे

वर्गात एक प्रयोग करून पाहा. तीस मुलांना एकेक फासा द्या. प्रत्येकाने तो दहा वेळा टाकायचा. पहिल्या पाच दानांची बेरीज एकीकडे मांडायची. नंतरच्या पाचांत मात्र दर दानाला एक गुण जास्त धरायचा. दुसरी बेरीज वाढावी अशी सोय आपणच केलेली आहे. तरीही साधारण चार-पाच मुलांची दुसरी बेरीज पहिलीपेक्षा कमी भरेल. फासा खोटा नाही, मुलांचे गणितही चुकलेले नाही.

असाच खेळ अमेरिकेत बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात महासंगणकावर खेळला गेला. जेनिफर के, क्लारा डेसर व सहकाऱ्यांनी त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध केला. प्रारूप एकच, हरितगृह वायूंची वाढही तीच. १९२० सालच्या सुरुवातीच्या तापमानात तेवढा अंशाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी फरक केला आणि गणित तीस वेळा चालवले. इतका सूक्ष्म फरकही काही आठवड्यांतच वाढतो आणि प्रत्येक गणितातले वारे वेगळ्या वाटेने जातात. १९६३ ते २०१२ या काळात उत्तर अमेरिकेचा हिवाळा किती बदलला, याचे तीस नकाशे तयार झाले. काहींत जवळजवळ सारा खंड तापलेला, तर काहींत त्याचा काही भाग चक्क गार झालेला! तिसांची सरासरी काढल्यावर मात्र खंडभर तापमानवाढच दिसते. ती वायूंची करणी. बाकीची निसर्गाची चढउतार. आपण ज्या पृथ्वीवर राहतो तिच्या नोंदी म्हणजे आणखी एकच नकाशा.

आता तिथल्या एखाद्या शेतकऱ्याने विचारले, की माझ्या जिल्ह्यात पुढच्या पन्नास वर्षांत हिवाळा किती तापेल, तर काय सांगावे? नुसती सरासरी सांगणे सोपे, पण मला ते पटत नाही. पुढे दहा-पंधरा हिवाळे कडक गेले, की लोक शास्त्रज्ञांना खोटे ठरवतील. वाढ सरासरीहून जास्त झाली, तर त्याची तयारीच नसेल. त्याला कमीत कमी आणि जास्तीत जास्त वाढीचे नकाशेही दाखवायला हवेत. प्रारूप सुधारले म्हणजे हा पल्ला मिटेल, ही आशा व्यर्थ आहे. प्रारूप बिनचूक असले तरी फासा फासाच राहतो. डेसर, रेटो क्नुटी, सुझन सॉलोमन आणि ॲडम फिलिप्स यांनी २०१२ साली हेच बजावले होते. जिथे निसर्गाची चढउतार मुळात कमी, तिथे उत्तर अधिक खात्रीने देता येते, हेही त्यांनी नोंदवले.

वर्गात फळ्यावर सरासरी मांडण्याआधी तिसांच्याही बेरजा लिहा. ज्यांची बेरीज घटली त्यांना विचारा, गुण वाढवले होते की नव्हते?