गोळी नको, दस्तरखान सांभाळा

सहेरी आटोपून तास होतो, तरी घरातली अम्मी पुन्हा विचारते, "सहेरी केली का रे?" मुलं धास्तावतात आणि 'व्हिटॅमिन ई'च्या गोळ्या आणतात.

ही भीती समजण्यासारखी आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के वापरतो. त्यातून तयार होणारे 'फ्री रॅडिकल्स' मेंदूच्या पेशींना इजा करतात. ई आणि क ही जीवनसत्त्वे त्यांना आवर घालतात. म्हणून गोळीने स्मृतिभ्रंश टळतो का? अमेरिकेत साठी ओलांडलेल्या ७,५४० पुरुषांवरील चाचणीचे उत्तर २०१७ मध्ये आले: नाही. उलट रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर 'ई'च्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

त्यापेक्षा इफ्तारला भजी-समोसे कमी करून पेरू, मूठभर बदाम ठेवा. जेवणात पालक असू द्या. यानेही विस्मरण टळेलच असे नाही, पण शरीराला हवे ते मिळते. उतारवयात तहान कमी जाणवते आणि पाणी कमी पडले की गोंधळ उडतो. म्हणून इफ्तार ते सहेरी पाणी आठवणीने द्या.

विसरणे वाढत असेल तर ईदची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइड हेही कारण असू शकते. आणि रोजा झेपत नसेल, तर शरीयतने फिदियाची सवलत दिली आहे. ती घेताना अम्मी-अब्बांना अपराधी वाटू देऊ नका.