बोरघाट : चढणीपेक्षा उतरण अवघड

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडते आणि थोड्याच वेळात मंकी हिलला थांबते. इथे कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. नवखा प्रवासी खिडकीतून डोकावतो आणि सिग्नल मिळाला नसेल म्हणून गप्प बसतो. प्रत्यक्षात गाडीची तिथे परीक्षा चाललेली असते. पुढचा सांधा मुख्य मार्गाकडे नव्हे, तर कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. हा आडरूळ डोंगराच्या अंगाने वर चढतो आणि तिथेच संपतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर तिने त्या चढावर जाऊन मंदावावं, यासाठी तो टाकलेला आहे. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत, हे दिसल्यावरच सांधा फिरतो आणि पुढची वाट मिळते. खाली ठाकूरवाडीला पुन्हा हीच परीक्षा.

उतरणाऱ्या प्रत्येक गाडीवर आधी संशय घ्यायचा आणि तिने तो खोटा पाडला तरच पुढे सोडायचं, हा बोरघाटाचा कायदा आहे. कर्जत ते लोणावळा हे अंतर अवघं २८ किलोमीटर. त्यातला सगळ्यात तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण चोवीस डब्यांची गाडी या चढावर असते तेव्हा तिचं इंजिन शेवटच्या डब्यापेक्षा चार-पाच मजली इमारतीएवढं उंचावर असतं. एवढं वजन वर खेचायला ताकद लागते आणि ती विकत आणता येते. खाली येताना मात्र तेच वजन गाडीला ढकलू लागतं.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तेव्हाच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची नजर सह्याद्रीपलीकडे होती. देशावरचा कापूस बंदरात आणायचा तर घाट ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १८३० साली खुला झालेला बोरघाटाचा गाडीरस्ता त्या व्यापाराला पुरा पडत नव्हता. रूळ खालून १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आले, वर खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि मधला घाट तेवढा मोकळा राहिला. काही वर्षं लोक खोपोलीला गाडीतून उतरत, पालखी, घोडा किंवा बैलगाडी करून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडत.

मधला दुवा आखला तो कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनी. पळसदरीपासून खंडाळ्याकडे सुमारे २५ किलोमीटरची वाट आणि १,८३१ फुटांची चढण. त्यात पंचवीस बोगदे आणि दऱ्यांवरचे उंच कमानी पूल. काम १८५६ च्या आरंभी सुरू झालं. पावसाळ्यात ते बंदच पडे, म्हणून उरलेल्या कोरड्या महिन्यांत माणसांची गर्दी उसळे. १८६१ मध्ये घाटात ४२,००० मजूर राबत होते. बेसॉल्टचा कातळ सुरुंगाच्या दारूने फोडायचा, कड्यावर पाय ठेवायला जागा नसेल तिथे दोराला लोंबकळून पहारीने भोक पाडायचं. छावण्यांत पटकी पसरली की माणसं पटापट मरत. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगार उसळले आणि त्याच वर्षी कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांनी काम सोडलं. त्यांच्या जागी इंग्लंडहून आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेतलं, जाणकार अभियंते नेमले आणि काम तडीस नेलं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्गाचं उद्घाटन केलं. ते पाहायला बर्कली नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचं निधन झालं होतं.

कागदोपत्री श्रेय असं वाटलं गेलं. घाटातली लोककथा ते दुसऱ्याला देते. साहेबांना डोंगरातली वाट दाखवली शिंग्रोबा नावाच्या धनगराने, आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला मृत्यू आला, असं लोक सांगतात. जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळासमोर गाडीवाले आजही नाणं टाकून पुढे जातात. कथेला पुरावा नाही. पण ४२,००० मजुरांपैकी एकाचंही नाव लोकांच्या तोंडी उरलेलं नसताना या एका धनगराचं देऊळ टिकलं आहे.

बर्कलींच्या आखणीतली सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे खंडाळ्याखालचं रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराच्या सोंडेवर वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून गाडी टोकाशी जाऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढे. पण डोंगराने लवकरच हिशेब मागितला. १८६७ च्या पावसाळ्यात मार्गावरचा एक मोठा कमानी पूलच ढासळला.

१९२९ च्या सुमारास दोन बदल एकत्र आले. नवे लांब बोगदे खोदून रिव्हर्सिंग स्टेशन रद्द झालं आणि घाटात वीज आली. लांबुळक्या नाकाची नवी विद्युत इंजिनं उतरताना आपल्याच मोटारींकडून वीज तयार करून घेत. ती तारेत परत जाई आणि गाडीचा वेग आवरला जाई. नुसत्या ब्रेकच्या घर्षणावरचा भार हलका झाला. जून १९३० मध्ये दख्खनची राणी सुरू झाली, ती या बदलाच्याच जोरावर.

चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं जोडली जातात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. डब्यात हिसका बसतो, तेवढ्यात फलाटावर वडा घेऊन होतो आणि लोणावळ्याला ही इंजिनं सुटतात. मागचं इंजिन ढकलतं, शिवाय चढावर एखादी कपलिंग तुटलीच तर सुटलेले डबे मागे घरंगळू नयेत म्हणून पाठीशी उभंही राहतं. म्हणजे चढतानाही धास्ती उताराचीच.

पाऊस जवळ आला की हिल गँगची माणसं कड्यांवर चढून सैल झालेले दगड शोधतात आणि वाहतूक रोखून ते मुद्दाम खाली पाडतात. तरी २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल आणि नागनाथच्या दरम्यान दरडींनी मार्गाची दुर्दशा केली, आणि अनेक गाड्या रद्द कराव्या लागल्या.

फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत मागे इंजिन न लावता हा घाट चढते. तिच्या मोटारी गाडीभर विभागलेल्या आहेत, त्यामुळे पुढून ओढायचं नि मागून ढकलायचं कारण उरलेलं नाही. सपाटीवर ताशी १६० किलोमीटर धावण्याची क्षमता असलेली ही गाडी घाटात मात्र सावकाश चालते. तिला बँकर लागत नसले तरी ३७ मीटरला एक मीटर हा चढ तसाच आहे. घाटातला वेग गाडीच्या क्षमतेपेक्षा तो चढच ठरवतो.